आपला पाऊस पूर्वेकडून येतो



गेल्या वर्षी जुलै महिन्यात आमची गटाची बैठक चालू होती. एका मैत्रिणीला मुंबईहून भावाचा फोन आला. "अगं, सातारा जिल्ह्याला रेड अलर्ट हाय म्हणं. टीव्हीवर दाखवत्यात. पोरांना बाहेर सोडू नका." तिनं फोन कानाला तसाच लावून दाराबाहेर बघितलं. बाहेर वारं घोंगावत होतं, अंगणात फुफाटा उडत होता, आणि सकाळी वाळत घातलेल्या साड्या कधीच खडखडीत वाळल्या होत्या. आम्ही सगळ्या हसलो. पण हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. कारण त्या बैठकीत आम्ही बसलो होतो ते करपून गेलेल्या बाजरीवरच्या कर्जाचं काय करायचं, हे ठरवायला.

टीव्हीवाले खोटं बोलत नव्हते. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला त्या वेळी धो धो पाऊस चालू होता. महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस सहा हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. आपल्या माण तालुक्याचा वर्षाचा पाऊस साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर. आणि महाबळेश्वर ते दहिवडी हे अंतर सरळ रेषेत मोजलं, तर शंभर किलोमीटरसुद्धा भरत नाही. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला आपल्या बारापट पाऊस पडतो, आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, की बातमीत "सातारा जिल्हा" म्हटलं की पुढचा शब्द नीट ऐकायचा. "घाटमाथा" म्हणाले असतील, तर तो इशारा महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या लोकांसाठी आहे. आपल्यासाठी नाही.

आता ती बाजरी का करपली ते सांगतो, कारण त्यात चूक आमची होती. त्या वर्षी मेच्या शेवटाला वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले. ढगांचा गडगडाट, विजा, तासाभरात ओढ्याला पाणी. सगळ्यांना वाटलं, यंदा वेळेवर आला. रानं वाफशावर आली आणि गटात कर्जाच्या मागणीची रांग लागली. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं. आम्हीही उत्साहात होतो. चौदा जणींना एकाच बैठकीत कर्ज दिलं, आणि पुढच्याच महिन्यापासून सारखे हप्ते लावून दिले. बाजरी, मटकी, हुलगा पेरला. उगवणही छान झाली. मग आषाढाचा वारा सुटला, तो चार आठवडे थांबला नाही. आभाळ रोज भरायचं आणि रोज तसंच पुढं सरकायचं. मध्येच चार थेंबांची भुरभुर यायची, तिनं पान ओलं व्हायचं पण माती नाही. रोपं हातभर होऊन पिवळी पडली. हप्ते भरायला तिघींनी शेळ्या विकल्या, त्याही पडत्या भावात, कारण त्या महिन्यात सगळेच विकायला काढतात.

त्या बैठकीत एक म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "जुलैत आपल्याकडं पाऊस पडतो कधी? आभाळ नुसतं मुंबईला जातंय तसं पुढं जातंय." आमच्या लक्षात आलं, की हे काकींना माहीत होतं आणि आम्हाला, शिकलेल्यांना, ठाऊक नव्हतं. मग आम्ही शोध घेतला, की असं का होतं. ते आज सांगायचं आहे.

चुलीवर भात ठेवल्यावर झाकण उघडलं, की झाकणाच्या आतल्या बाजूनं पाणी ठिबकतं. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते, तिचं पाणी होतं. अरबी समुद्रावरून येणारा पावसाळी वारा असाच वाफेनं भरलेला असतो. तो कोकणावरून येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. पुढं जायला वाट नाही म्हणून तो वर चढतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच आहे. तिथपर्यंत चढताना हवा थंड होते, वाफेचं पाणी होतं, आणि बहुतेक सगळं तिथंच ओतलं जातं.

डोंगर ओलांडल्यावर तोच वारा खाली उतरतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, ते तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. डोंगरावरून खाली उतरणारी हवाही खाली येताना दाबली जाते. साधारण शंभर मीटर खाली आली, की एक अंशानं तापते. गरम हवेत वाफ जास्त मावते. म्हणजे जो वारा वर चढताना पाणी ओतत होता, तोच उतरताना पाणी शोषायला लागतो. आपल्या साड्या जुलैत भरभर वाळतात त्या यामुळं. आणि साड्या वाळतात तशीच आपल्या रानातली ओलही वाळते. नुसता पाऊस पडत नाही एवढंच नाही, तर आधी पडलेलं वळवाचं पाणीसुद्धा हा वारा उचलून नेतो. आमची बाजरी यातच गेली.

हा फरक किती झपाट्यानं पडतो, ते बघायचं असेल तर पावसाळ्यात एसटीनं महाबळेश्वरहून वाईला या. पाचगणी महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटरवर आहे, पण तिथला पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात, की पाऊस त्याच्याही निम्म्याच्या आसपास. आणि तिथून अजून पूर्वेला कोरेगाव, खटाव ओलांडून आपण. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया म्हणजे सावली. झाडाच्या सावलीत ऊन पोचत नाही, तसा डोंगराच्या सावलीत पाऊस पोचत नाही. आपला माण, शेजारचे आटपाडी, सांगोला, जत हे सगळे त्याच सावलीतले.

काही जणी म्हणतात, पूर्वी झाडं होती म्हणून पाऊस होता. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. झाडं लावलीच पाहिजेत, त्यानं माती धरून राहते, पडलेलं पाणी मुरतं, विहिरीला त्याचा फायदा होतो. पण किती झाडं लावली तरी सह्याद्री बाजूला सरकणार नाही. माणदेशाच्या दुष्काळाचं पहिलं कारण डोंगर आहे, आपलं पाप नाही. 1876-77चा मोठा दुष्काळ असो, नाहीतर आपल्या आयांनी सुकडी आणि लाल मिलो खाऊन, खडी फोडून काढलेला 1972चा असो, तो कुणाच्या शापानं पडला नव्हता.

आपल्या नदीचंही तसंच. कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगवतात, त्या पावसाच्या घरात जन्मलेल्या. आपली माणगंगा आपल्याच तालुक्यातल्या, शंभू महादेवाच्या डोंगररांगेत उगवते. ती रांगच मुळी सावलीत. म्हणून माणगंगा पूर आला तर दोन दिवस वाहते आणि बाकी वर्षभर वाळू दाखवते. आता उरमोडी, जिहे-कठापूर, तिकडं आटपाडीला टेंभू, अशा योजनांतून कृष्णा खोऱ्यातलं पाणी पंपानं उचलून या सावलीत आणलं जातं. ज्या गावांना ते मिळालं त्यांचं चित्र बदललं. पण पाणी चढाला नेण्याचं वीजबिल असतं आणि सगळी गावं पाटाखाली येत नाहीत. आज जे ऐकत आहेत त्यांतल्या निम्म्या जणी तरी अजून आभाळाकडंच बघत असतील.

मग आपल्याला पाऊस कोण देतं?

सप्टेंबर उजाडला, की पश्चिमेचा वारा थकतो. धूळ बसते. दुपारी उकडायला लागतं, अंगाला घाम येतो, मुंग्या अंडी घेऊन पळायला लागतात. चार वाजता पूर्वेला किंवा आग्नेयेला काळं आभाळ चढतं आणि गडगडाट होतो. हा पाऊस बंगालच्या उपसागराच्या बाजूनं येणाऱ्या वाफेवर आणि आपल्याच तापलेल्या जमिनीच्या उकाड्यावर तयार होतो. त्या बाजूला मध्ये सह्याद्रीसारखी भिंत नाही. म्हणून आपल्या भागात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. घाटमाथ्यावर जुलै हा पावसाचा राजा, आपल्याकडं जुलै फक्त वाऱ्याचा.

जुन्या बायांना हे पाठ होतं. उत्तरा नक्षत्र साधारण 13 सप्टेंबरला लागतं, हस्त 27 सप्टेंबरच्या सुमारास. हस्ताला आपण हत्ती म्हणतो. हत्तीचं चित्र मांडून पोरी त्याच्याभोवती फेर धरून हादग्याची गाणी म्हणतात, ती याच दिवसांत. आम्हीही लहानपणी खिरापत काय आहे ते ओळखण्यात रमायचो. हा खेळ नेमका हस्तातच का, हे कधी कुणी विचारलं नाही. ज्या पावसावर शाळू पिकतो, त्या पावसाचा तो सण आहे.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात पेरायची असते. एकदा पेरली की पुढं पाऊस मिळालाच पाहिजे असं नाही. मालदांडीसारखं वाण जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पिकतं. दाणा खायला, कडबा जनावराला. खरं सांगायचं तर आपल्याकडं पुष्कळ वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचाच आधार जास्त. पण त्यासाठी सप्टेंबरचा पाऊस रानात थांबला पाहिजे. पावसाआधी, जुलै-ऑगस्टच्या मोकळ्या दिवसांत, रानात दहा-दहा मीटरचे बंदिस्त वाफे पाडून ठेवले, तर पडेल तिथंच पाणी मुरतं. आणि पीक उभं राहिल्यावर कोळपणी करायची. आपल्याकडं म्हणतातच, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. वरची माती भुसभुशीत झाली, की खालच्या ओलीची वाफ होऊन जायची वाट मोडते. कोळपं बहुतेक घरी बाईच्याच हातात असतं, तेव्हा हे अर्धं पाणी आपणच देतो.

सावलीत राहण्याचे काही फायदेही आहेत, तेही सांगितले पाहिजेत. कोरड्या हवेत, निरभ्र आभाळाखाली जमीन रात्री लवकर थंड होते. म्हणून दिवाळीनंतर आपल्याकडं दुपारी ऊन आणि पहाटे कडाका. हरभऱ्याला, शाळूला तेच हवं असतं. डाळिंबाला कोरडी हवा मानवते, तेल्या रोग दमट हवेत फोफावतो. डाळिंबाच्या बहारांची नावंसुद्धा बघा, मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. मेंढीला ओल सोसत नाही. म्हणून आपले धनगर बांधव दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत डोंगर चढून इकडं येतात. जो डोंगर आपला पाऊस अडवतो, तोच त्यांच्या मेंढरांना चार महिने कोरडी जागा देतो.

आता कामाचं. गेल्या वर्षीच्या त्या बैठकीनंतर आम्ही ठरवलं, की पावसावर विश्वास ठेवायचा नाही, त्याला मोजायचं. सरकारचं पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतं. एका मंडळात दहा-पंधरा गावं. वळवाचा आणि हस्ताचा पाऊस एवढा लहरी, की ओढ्याच्या अल्याड पडतो आणि पल्याड नाही. मंडळाच्या यंत्रात चाळीस मिलिमीटर लागलेला असतो आणि आपल्या वाडीत माती उकरली तर खाली कोरडी. म्हणून आम्ही प्रत्येक गटात एक डबा ठेवला.

डबा कसा हवा? तळ सपाट आणि बाजू सरळ उभ्या. वर तोंड रुंद आणि खाली निमुळता असला तर माप चुकतं. घरातला स्टीलचा उभा डबा चालतो. घराच्या भिंतीपासून आणि झाडापासून लांब, मोकळ्या जागेत ठेवायचा. भिंत दहा फूट उंच असेल तर डबा वीस फूट लांब. वाऱ्यानं पडू नये म्हणून चारी बाजूंनी दगड लावायचे. रोज सकाळी साडेआठला पोरांची शाळेची पट्टी आत उभी धरायची आणि पाणी किती मिलिमीटर वर आलं ते वहीत लिहायचं. हवामान खातंही सकाळी साडेआठलाच मोजतं. एक बारीक गोष्ट, पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते. ती कापून टाका, नाहीतर रोज माप कमी लागेल. आमचे पहिले पंधरा दिवस असेच चुकीचे गेले. लिहून झालं की पाणी ओतून द्यायचं. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं, कारण दोन पावसांत किती दिवस कोरडे गेले हेच आपल्याला कळायला हवं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर शंभर लिटर. एका एकरावर चार हजार लिटर. पंचवीस मिलिमीटरचा एक चांगला पाऊस म्हणजे एका एकरावर एक लाख लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर. तुमच्या घराचा पत्रा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल, तर वर्षाच्या साडेचारशे मिलिमीटरला त्यावर साडेबावीस हजार लिटर पडतं. सांडून, उडून गेलेलं सोडलं तरी अठरा हजार लिटर हाती लागायला हरकत नाही. पन्हळ लावून टाकीत घेतलं तर. पाऊस कमी आहे हे खरं, पण शून्य नाही.

या वहीवर आम्ही कर्जाचं वेळापत्रक बदललं. वळीव पडला म्हणून बियाण्याचं कर्ज द्यायचं नाही. कृषी खातं सांगतं, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. तो आकडा आमच्या डब्यात भरला, तरच बियाण्याचं कर्ज, आणि तेही थोडं. पिकाचं मोठं कर्ज सप्टेंबरमध्ये, शाळूसाठी. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, म्हणून तोपर्यंत फक्त व्याज घ्यायचं आणि मुद्दल नंतर. हे गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेल्या कर्जाला जमतं. बँकेचा हप्ता महिन्याचा असतो, तिथं आपलं नक्षत्र चालत नाही.

सगळ्यांना हे पटलं असं समजू नका. दोन गटांत चांगलीच वादावादी झाली. एक जण म्हणाली, "जूनमध्ये कर्ज नाही दिलं तर आम्ही सावकाराकडं जाणार, त्याला वही दाखवायची का?" तिचं खोटं नव्हतं. जूनमध्ये पेरणी नसली तरी शाळेच्या वह्या-पुस्तकांना पैसा लागतो. त्यासाठी वेगळी छोटी रक्कम बाजूला काढली. दुसरी म्हणाली, "यंदा जूनमध्ये पाऊस लागून राहिला आणि आम्ही पेरलं नाही, तर?" त्याला उत्तर नाही. तसं वर्ष येतं. आणि उलटंही येतं. 2019च्या उन्हाळ्यात आपल्याकडं जनावरं छावणीत होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबेना, उभी पिकं कुजली. वही पुढचं सांगत नाही, आज जमिनीत किती आहे तेवढंच सांगते.

एक मात्र सांगून ठेवतो. ही वही सरकारदरबारी पुरावा धरली जात नाही, तिथं मंडळाचंच माप चालतं. पण ग्रामसभेत "आमच्याकडं पाऊस नाही झाला" असं म्हणणं आणि "अमुक तारखेपासून बत्तीस दिवस आमचा डबा कोरडा आहे, ही बघा वही" असं म्हणणं, यात फरक पडतो. आमच्या एका गावात तलाठी भाऊसाहेबांनी ती वही उघडून पानं चाळली. पुढं काय होईल ते होईल.

आत्ता ऑगस्ट संपत आला आहे. दोन-तीन दिवसांत पूर्वा लागेल, मग उत्तरा, मग हस्त. ज्या गटात अजून डबा ठेवलेला नाही त्यांनी उत्तराच्या आधी ठेवावा. रानात वाफे पाडायचे राहिले असतील तर हाच आठवडा आहे. आणि सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपली वही बरोबर आणावी. पट्टीचं टोक कापलंय की नाही, ते आम्ही आधी बघणार आहोत.